साथरोगांचा साप्ताहिक अहवाल कसा करायचा: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

वॉर्डाच्या आरोग्य खात्यात किंवा साथरोग कक्षात तुमची नेमणूक झाली, पहिल्याच सोमवारी कोणीतरी एक एक्सेल फाइल पाठवून ‘आठवड्याचा रिपोर्ट काढा’ म्हणालं, आणि पुढे काय करायचं हे कोणी सांगितलं नाही, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं मुंबईची आहेत. पुणे, नागपूर, ठाण्याच्या महापालिकेत पदांची नावं थोडी वेगळी असतील, पण चुका याच होतात.

एक गोष्ट पक्की धरून चला. आठवड्याचा आकडा म्हणजे आजार किती आहे याचं उत्तर नव्हे. कोणी कळवलं, कधी कळवलं, कोणती चाचणी लावली आणि कोणता पत्ता लिहिला, या चारांची ती बेरीज असते. आकडा वरखाली झाला की आधी हे चार तपासा आणि मग आजाराकडे वळा.

हाताशी काय हवं

- आयएचआयपी पोर्टलचं (साथरोगांच्या नोंदी भरायचं सरकारी संकेतस्थळ) स्वतःचं लॉगिन (दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करू नका, चुकीची नोंद कोणाची हे शोधता येत नाही)
- कळवणाऱ्या सगळ्या केंद्रांची यादी: हेल्थ पोस्ट, दवाखाने, आपला दवाखाना, महापालिका व खासगी रुग्णालयं, लॅब. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव आणि फोन
- आजारांच्या व्याख्यांचा एक कागद: संशयित, संभाव्य, निश्चित
- वॉर्डाचा हद्दीसह नकाशा आणि वस्त्यांची यादी, बोलीतल्या नावांसकट
- मागच्या पाच वर्षांचे आठवडावार आकडे
- आठवड्यांचं कॅलेंडर
- कीटकनाशक विभाग, पाणी खातं आणि शेजारच्या वॉर्डांचे फोन

यातली केंद्रांची यादी बहुतेक ठिकाणी जुनी असते. बंद पडलेलं नर्सिंग होम तीन-तीन वर्षं यादीत राहतं आणि दर आठवड्याला ‘अहवाल आला नाही’ म्हणून मोजलं जातं. पहिल्या महिन्यात हे एक काम उरकून टाका.

१. आठवडा कोणता, ते आधी ठरवा

आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा आठवडा सोमवार ते रविवार असतो. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी रविवार ते शनिवार मोजते. इंटरनेटवरून उतरवलेलं तयार सूत्र अमेरिकी पद्धतीचं असेल तर रविवारचे रुग्ण गुपचूप पुढच्या आठवड्यात जातात. एक्सेलमध्ये ‘आयएसओवीकनम’ हे फंक्शन वापरा, साधं ‘वीकनम’ नको.

वर्षाच्या टोकाला गोंधळ होतोच. ४ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला आठवडा. त्यामुळे २०२६ला ५३ आठवडे आहेत: ५३वा आठवडा २८ डिसेंबर २०२६ ते ३ जानेवारी २०२७. म्हणजे १ जानेवारी २०२७चा रुग्ण २०२६च्या खात्यात जाईल. आठवडा क्रमांकाच्या शेजारी वर्षाचा वेगळा रकाना ठेवला नाही, तर ही नोंद ‘२०२७, आठवडा ५३’ अशी दिसते आणि तुलनेत कुठेच बसत नाही.

२. माहिती कुठून येते

हा कार्यक्रम २००४ला सुरू झाला. तेव्हापासूनचे तीन फॉर्म आजही कामाचा कणा आहेत. एस फॉर्म आरोग्य सेविका भरते, लक्षणांवरून: ताप, जुलाब, कावीळ, पुरळ. पी फॉर्म डॉक्टर भरतो, तपासून आलेल्या अंदाजावरून. एल फॉर्म लॅब भरते. २०२१च्या एप्रिलपासून आयएचआयपीवर या नोंदी रुग्णनिहाय आणि जवळजवळ रोजच्या रोज पडतात. तरीही आठवड्याचा ताळा माणसालाच घ्यावा लागतो. एकच रुग्ण तिन्ही फॉर्मांत असू शकतो, आणि असतोच. तीन फॉर्मांची बेरीज कधीही करू नका. एस फॉर्म हवेचा रोख सांगतो, पी फॉर्म ओझं सांगतो, एल फॉर्म खात्री देतो. तिन्हींचे आलेख वेगळे ठेवा.

क्षयरोगाची नोंद त्याच्या वेगळ्या पोर्टलवर, निक्षयवर, होते. तो या अहवालात ओढू नका.

खासगी डॉक्टरांकडून फॉर्म येत नाहीत ही तक्रार जुनी आहे. तरी फोन करत राहा. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, स्वतःची प्रॅक्टिस करताना, रुग्ण पाहून आलेल्या शंकेवरून. वस्तीतल्या पाच-सहा जुन्या जनरल प्रॅक्टिशनरांना दर गुरुवारी एकच प्रश्न विचारा: ‘या आठवड्यात काही वेगळं वाटतंय का?’ पाच मिनिटांचा फोन असतो, आणि एल फॉर्ममध्ये उमटण्याआधी बरंच काही तिथे कळतं.

३. निरंक आणि कोरा यांत फरक करा

शून्य रुग्ण असलेल्या केंद्राने ‘निरंक’ कळवलं पाहिजे. काहीच आलं नाही तर तो रकाना कोरा राहतो. नवीन माणूस कोऱ्या जागी शून्य भरतो, आणि सगळा अहवाल तिथेच बिघडतो.

दर सोमवारी, रुग्णसंख्या बघण्याआधी, दोन टक्केवाऱ्या काढा. अपेक्षित केंद्रांपैकी किती केंद्रांनी कळवलं, आणि त्यांतल्या किती जणांनी वेळेत कळवलं. ६० पैकी ४२ केंद्रांनी कळवलं असेल तर पूर्णता ७० टक्के. मागच्या आठवड्यात ती ९० टक्के होती आणि रुग्ण २० टक्क्यांनी ‘घटले’, तर घट आजारात झालेली नाही. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत हे हटकून होतं: लॅब बंद, खासगी दवाखाने बंद, रुग्ण गावाला. पुढच्या आठवड्यात उसळी दिसते आणि वर्तमानपत्रात ‘सणानंतर साथीचा विळखा’ असा मथळा येतो.

अहवालाच्या पहिल्या पानावर पूर्णतेची टक्केवारी छापा, ठळक अक्षरात.

४. लाइन लिस्ट

एका रुग्णाला एक ओळ. रकाने किमान इतके: नाव, वय, वयाचं एकक (वर्षं की महिने), लिंग, मोबाइल, राहण्याचा पूर्ण पत्ता व खूण, वॉर्ड, कामाचं ठिकाण, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, रिपोर्टची तारीख, चाचणीचा प्रकार, निकाल, दाखल की बाह्यरुग्ण, सद्यस्थिती, कळवणारं केंद्र.

वयाचं एकक वेगळं का? ‘८’ लिहिलेलं आठ महिन्यांचं बाळ आठ वर्षांचं होऊन बसतं. गोवरात हा फरक फार महागात पडतो, कारण पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो.

तारखांचा घोळ याहून वाईट. ०७/०८ ही ७ ऑगस्ट की ८ जुलै? संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर महिन्याच्या पहिल्या बारा तारखा उलटतात आणि तेराव्या तारखेपासून सगळं ठीक दिसतं, म्हणून चूक लक्षातच येत नाही. तारीख ‘०७-ऑगस्ट-२०२५’ अशी महिन्याच्या नावासह घ्या. मग तपासा: लक्षणं ≤ नमुना ≤ रिपोर्ट. हा क्रम मोडणारी प्रत्येक ओळ केंद्राला परत पाठवा.

आणि हो, नावं-मोबाइल असलेली ही यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. क्षेत्रात जाणाऱ्याला त्याच्या वस्तीपुरत्या ओळी द्या.

५. पत्ता: अर्धा वेळ इथे जातो

रुग्ण राहत्या वॉर्डात मोजायचा, रुग्णालयाच्या वॉर्डात नाही. परळचं केईएम रुग्णालय एफ दक्षिण वॉर्डात आहे आणि सायन रुग्णालय एफ उत्तरमध्ये. तिथे येणारे रुग्ण मुंबईभरातून, शिवाय ठाणे, पालघर, रायगडहून येतात. पत्ता न सोडवता मोजलं तर परळ कायम साथीत असल्यासारखं दिसेल.

अडचणी ठरलेल्या आहेत:

- एकाच नावाच्या वस्त्या. शिवाजी नगर, गांधी नगर, इंदिरा नगर मुंबईत जिथेतिथे आहेत. जवळचं स्टेशन, शाळा किंवा मशीद-मंदिर विचारल्याशिवाय वॉर्ड लावू नका.
- पिनकोडवरून वॉर्ड लावणं. टपाल खात्याच्या हद्दी आणि वॉर्डाच्या हद्दी जुळत नाहीत. पिनकोडने अंदाज घ्या, निर्णय नको.
- नातेवाइकाचा पत्ता. गावाहून उपचाराला आलेला रुग्ण भावाचा पत्ता देतो. प्रश्न असा विचारा: ‘आजारी पडण्याआधीचे पंधरा दिवस कुठे झोपत होता?’
- कामाची जागा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. डेंग्यूचा रुग्ण राहतो चाळीत आणि डास चावतो बांधकामावर, असं पुष्कळदा होतं. दोन-तीन रुग्णांची साइट एकच निघाली तर घराजवळ धूर मारून उपयोग नाही.

पत्ता लागला नाही तर ‘पत्ता अपूर्ण’ असा वेगळा गट ठेवा. अंदाजाने कुठल्यातरी वॉर्डात टाकू नका. हद्दीबाहेरचे रुग्ण पुसूही नका. मीरा-भाईंदर, नवी मुंबई, वसई-विरार, जिथले असतील तिथल्या कक्षाला त्याच दिवशी कळवा. तेही तुमचे रुग्ण तुम्हाला कळवतील, अशी अपेक्षा तरी ठेवता येते.

६. दुबार नोंदी

सुनीता, सुनिता, सुनीताबाई. शिवाय लॅबमध्ये रोमन लिपीत आणखी दोन स्पेलिंगं. नुसत्या नावावर दुबार सापडत नाहीत. मोबाइल, लिंग, वय (एक वर्ष पुढेमागे चालेल) आणि लक्षणांची तारीख यांवर आधी जुळवा, नाव शेवटी बघा. मोबाइलवर आंधळा विश्वासही नको, कारण एका घरात पाच जणांचा एकच नंबर असतो आणि एकाच घरातले तीन रुग्ण ही खरी, महत्त्वाची बातमी असू शकते.

व्हायवॅक्स मलेरियाचं वेगळं आहे. यकृतात दडून बसलेल्या परजीवींमुळे तो काही आठवड्यांनी-महिन्यांनी उलटतो, विशेषतः प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स अर्धवट सोडला तर. अशी पुन्हा आलेली नोंद दुबार म्हणून खोडू नका. ‘पूर्वी झाला होता, केव्हा, गोळ्या पूर्ण केल्या का’ असा शेरा मारून ठेवा. शेरे वाढत असतील तर पाठपुरावा कच्चा पडतोय.

७. चाचणी कोणती, ते न बघता मोजू नका

डेंग्यूचा एनएस-१ (विषाणूचं प्रथिन) साधारण पहिल्या पाच दिवसांत सापडतो, आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं) त्यानंतर. राष्ट्रीय कार्यक्रमात निश्चित रुग्ण धरायला एलायझा ही लॅबमधली चाचणी लागते. रॅपिड कार्डवरचा पॉझिटिव्ह संभाव्य म्हणून मोजतात. खासगी लॅब बहुतेक कार्डच वापरतात. दोन्ही आकडे द्या, वेगळ्या रकान्यांत. महापालिकेचा आणि खासगी रुग्णालयांचा आकडा जुळत नाही म्हणून होणारे निम्मे वाद याच एका रकान्याचे असतात.

एलायझाची प्लेट ९६ खाचांची असते. नमुने कमी असतील तर लॅब प्लेट भरायची वाट बघते, कारण अर्ध्या प्लेटला किट वाया जातं. त्यामुळे निकाल रोज न येता गठ्ठ्याने येतात. मंगळवारी एकदम ४० पॉझिटिव्ह आले तर घाबरण्याआधी नमुन्यांच्या तारखा बघा. साथीचा आलेख नेहमी लक्षणांच्या तारखेवर काढा. रिपोर्टच्या तारखेवर काढला तर तो लॅबच्या वेळापत्रकाचा आलेख होतो.

लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस) आयजीएम पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकतो आणि आजार बरा झाल्यावरही महिनोन् महिने पॉझिटिव्ह राहतो. पाचव्या दिवसाआधीचा निगेटिव्ह नमुना पुन्हा मागवा. टायफॉइडला एकट्या विडाल या रक्तचाचणीवर ‘निश्चित’ लिहू नका. रक्त कल्चर झालं असेल तर ते वेगळं मोजा. कॉलऱ्याच्या शंकेत शौचाचा नमुना प्रतिजैविक देण्याआधी घ्या, कॅरी-ब्लेअर माध्यमात घाला. ते खोलीच्या तापमानाला टिकतं.

पॉझिटिव्हच्या शेजारी एकूण तपासलेले नमुने लिहा. रक्तनमुने १,००० तपासून २० पॉझिटिव्ह आले काय आणि ४०० तपासून २० आले काय, आकडा तोच. पण पहिल्यात २ टक्के आणि दुसऱ्यात ५ टक्के. ताप सर्वेक्षण वाढवलेल्या आठवड्यात मलेरिया ‘वाढतो’. तो कामाचा परिणाम असतो, आणि वरिष्ठांना हे आधीच सांगितलेलं बरं.

८. किती म्हणजे जास्त?

आधी दर काढा. २०११च्या जनगणनेत बी वॉर्डाची लोकसंख्या सुमारे १ लाख २७ हजार होती आणि पी उत्तरची ९ लाख ४१ हजार. दोन्हीकडे ३० रुग्ण असतील तर लाखामागे एकीकडे साडेतेवीसच्या आसपास आणि दुसरीकडे तीनच्या थोडे वर. छेदात कुठल्या सालची लोकसंख्या घेतली ते प्रत्येक तक्त्याखाली लिहा.

मग इशाऱ्याची रेषा. सोपी पद्धत अशी: मागच्या पाच वर्षांतले त्याच आठवड्याचे आकडे घ्या, सरासरी काढा, तीत प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) दुप्पट मिळवा. समजा आकडे १२, ९, १५, ११, १३ आहेत. सरासरी १२. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग ०, ९, ९, १, १, बेरीज २०, भागिले ४ म्हणजे ५, वर्गमूळ २.२४. रेषा आली १२ + ४.४८, म्हणजे साधारण १६.५. या आठवड्यात १७ किंवा जास्त रुग्ण असतील तर चौकशी सुरू.

पाचच आकड्यांवर रेषा डळमळते, म्हणून आधीचा व नंतरचा आठवडाही धरा: १५ आकडे मिळतात. साथीची वर्षं पायाभूत आकड्यांतून काढा, नाहीतर रेषा इतकी उंच जाते की काहीच तिला शिवत नाही. २०१०चा मलेरिया आणि २०२२च्या अखेरचा गोवर ही अशी उदाहरणं. २०२० व २०२१ उलट दिशेने फसवतात: लोक घरात होते, इतर तपासण्या मागे पडल्या होत्या, म्हणून ती वर्षं कृत्रिमरीत्या खाली दिसतात.

रेषेच्या खाली असूनही बघायला हवं असं एक चित्र असतं: वॉर्डाचा एकूण आकडा शांत, पण सातपैकी पाच रुग्ण एकाच गल्लीतले. कुठलंही सूत्र हे पकडत नाही. दर मंगळवारी नकाशावर टाचण्या लावा, कागदी नकाशा असला तरी चालेल.

९. ‘शेवटचा आठवडा कमी’ हा भास

ताजा आठवडा नेहमी उतरता दिसतो, कारण त्याचे निकाल अजून यायचे असतात. उपाय सोपा आहे आणि जवळजवळ कोणी करत नाही. दर सोमवारी फाइलची प्रत तारीख घालून जपून ठेवा. आठ-दहा आठवड्यांनी पहिल्या सोमवारी दिसलेला आकडा आणि अखेरचा आकडा यांची तुलना करा. पहिल्या दिवशी साधारण ७० टक्केच दिसतात असं निघालं, तर आजचे ३५ म्हणजे अखेरीस ५०च्या घरात जाणार. अहवालात ३५च लिहा, शेजारी ‘तात्पुरता’ लिहा आणि अंदाज टिपेत द्या.

१०. पाऊस आणि मागे वळून बघण्याचे दिवस

आज कळलेला रुग्ण बाधित कधी झाला असेल? डेंग्यू ४ ते १० दिवसांपूर्वी. लेप्टो बहुधा ५ ते १४. कॉलरा काही तासांपासून ५ दिवसांपर्यंत. गोवरात पुरळ यायला साधारण दोन आठवडे. हिपॅटायटिस ए सरासरी २८ दिवस, म्हणून काविळीचा उद्रेक दिसतो तेव्हा पाण्याची गळती कदाचित दुरुस्त होऊन गेलेली असते. पाणी खात्याच्या महिनाभरापूर्वीच्या तक्रारी मागवा.

पावसाचे आकडे जवळच्या केंद्राचे घ्या. २६ जुलै २००५च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदले गेले आणि कुलाब्याला जेमतेम ७३. कुलाब्याचा आकडा लावून कुर्ल्याच्या लेप्टोचा हिशेब मांडलात तर काहीच जुळणार नाही. पाणी तुंबल्यापासून पुढचे दोन-तीन आठवडे ताप, अंगदुखी आणि डोळे लाल असलेल्या रुग्णांची वेगळी मोजणी ठेवा.

११. आठवड्याची वाट बघू नये असं

पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक आलेला लुळेपणा, घटसर्पाची शंका, कॉलऱ्याचा एक निश्चित रुग्ण, एका वस्तीत ताप-पुरळाची काही मुलं, एका कार्यक्रमातून आलेले उलट्या-जुलाबाचे रुग्ण. यांना त्याच तासाला फोन. लुळेपणात शौचाचे दोन नमुने, २४ तासांच्या अंतराने, १४ दिवसांच्या आत आणि २ ते ८ अंशांत जायला हवेत. सोमवारची वाट बघितली की हेच दिवस वाया जातात.

१२. आकड्यातून काम निघालं पाहिजे

अहवालाची शेवटची ओळ ‘परिस्थिती नियंत्रणात’ अशी नको. कोण, कुठे, कधीपर्यंत, हे लिहा.

डेंग्यू: एडिस मादी साधारण ४०० मीटरच्या आत फिरते, म्हणून घर आणि कामाची जागा या दोन्हींभोवती कंटेनर तपासणी. घर निर्देशांक म्हणजे अळ्या सापडलेली घरं भागिले तपासलेली घरं गुणिले १००. बंद घरं छेदात धरू नका, वेगळी मोजा. टॉवरमध्ये निम्मी दारं उघडत नाहीत आणि अळ्या नेमक्या तिथल्या कुंड्यांच्या ताटल्यांत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये असतात. अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस लागतात, त्यामुळे एक आठवडा चुकला की नवी पिढी उडाली.

मलेरिया: मुंबईत तो पसरवणारा डास अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी. त्याच्या जागा: विहिरी, गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाक्या, बांधकामाचं साठवलेलं पाणी. मजुरांचे रक्तनमुने घ्या आणि साइटवरच्या ठेकेदाराचा फोन यादीत टाका.

जुलाब, कावीळ: पाणी ठरावीक वेळच येतं आणि ते बंद असताना रिकामी, गळकी वाहिनी शेजारचं गटाराचं पाणी आत ओढते. म्हणून नमुना पाणी आल्या आल्या घ्या. अर्ध्या तासाने घेतलेला स्वच्छ निघतो. ओटी चाचणी (पाण्यातलं क्लोरीन बघायची) जागेवरच करा, नळाला ०.२ पीपीएम क्लोरीन दिसायला हवं. जिवाणू तपासणीची बाटली लॅबचीच, निर्जंतुक आणि क्लोरीन निकामी करणारं थायोसल्फेट घातलेली हवी. बिसलरीच्या बाटलीत नेलेल्या नमुन्यात उरलेलं क्लोरीन वाटेत जिवाणू मारत राहतं आणि अहवाल ‘पिण्यायोग्य’ येतो.

मृत्यू असेल तर तो ‘संशयित’ म्हणून स्वतंत्र ओळीत दाखवा आणि कागद मृत्यू अन्वेषण समितीकडे पाठवा. समितीचा निर्णय आल्यावर मूळ आठवड्यातच दुरुस्ती करा, निर्णयाच्या आठवड्यात नाही. दुरुस्तीची तारीख आणि कारण शेवटच्या रकान्यात लिहून ठेवा. सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज आला की तोच रकाना लागतो.